पीवणा : थारच्या वाळवंटातला साप आणि त्याच्या नावातलं क्रियापद



सातवीला धातुसाधित शब्द शिकवताना माझा एक ठरलेला खेळ असतो. फळ्यावर एक धातू लिहायचा आणि मुलांनी त्यापासून शब्द काढायचे. 'गाळ' लिहिलं की गाळणी येते, 'लाट' लिहिलं की लाटणं येतं, 'खेळ' लिहिलं की खेळणं, खेळाडू, खेळकर अशी रांगच लागते. त्या दिवशी फळ्यावर 'पी' होतं. पिणं, पिणारा, पिऊन, प्यायलेला (इथे अपेक्षेप्रमाणे हशा झाला) एवढं झाल्यावर वर्ग अडला. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, पीवणा."

हा मुलगा राजस्थानातल्या बाडमेरकडचा. वडील फरशीला पॉलिश करायचं काम करतात, चार वर्षांपासून कुटुंब इकडेच आहे. वर्ग हसला, कारण त्यांना वाटलं की त्याने 'पिणं' चुकीचं म्हटलं. तो म्हणाला, "साप असतो बाई आमच्याकडे. पीवणा. तो चावत नाही, पितो."

"काय पितो? दूध?" कोणीतरी विचारलं.

"श्वास," तो म्हणाला. "माझ्या काकाचा प्यायला."

वर्ग एकदम गप्प झाला. खरं सांगते, मलाही काही सुचलं नाही. "मधल्या सुट्टीत बोलू," म्हणून मी विषय पुढे ढकलला. नंतर त्याच्याशी बोलले, त्याच्या वडिलांशी बोलले, जमेल तेवढं वाचलं. एका शब्दात किती काय दडलेलं असतं आणि तो शब्द माणसाला कुठल्या दाराशी नेऊन उभा करतो, हे मला या एका नावाने जितकं शिकवलं तितकं व्याकरणाच्या पुस्तकाने नाही शिकवलं. म्हणून हा लेख.

आधी शब्द बघू. संस्कृतात धातू 'पा', पण त्याचं वर्तमानकाळी रूप 'पिबति'. या 'पिबति'चं प्राकृतात 'पिवइ', 'पिअइ' झालं आणि तिथून आपल्या सगळ्या भाषांमध्ये ते पाझरलं. मराठीत पिणे, हिंदीत पीना, गुजरातीत पीवुं, सिंधीत पिअणु. राजस्थानीत पीवणो. राजस्थानीची एक लकब मुलांना दाखवण्यासारखी आहे. धातूच्या शेवटी स्वर असला की मध्ये 'व' येतो : खा – खावणो, जा – जावणो, पी – पीवणो. आपण हा 'व' गाळून खाणे, जाणे, पिणे म्हणतो. तेव्हा 'पीवणा' म्हणजे पिणारा. नुसता एकदा पिणारा नाही, पिणं हा ज्याचा स्वभावच आहे असा. काही भागांत 'पीणा' किंवा 'पैणा' असंही म्हणतात. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याने व्याकरणाच्या दृष्टीने शंभर टक्के बरोबर उत्तर दिलं होतं. हसलेल्या मुलांना मी दुसऱ्या दिवशी हे सांगितलं.

आता गोष्ट. जैसलमेर, बाडमेर, जोधपूर, बिकानेर या भागात, म्हणजे थारच्या वाळवंटात, पीवण्याची गोष्ट लहान मुलांनाही पाठ असते. साप रात्री येतो. झोपलेल्या माणसाच्या छातीवर चढतो. नाकातोंडाजवळ तोंड नेऊन त्याचा श्वास पितो आणि त्या बदल्यात आपलं विष त्याच्या तोंडात सोडतो. जाताना शेपटीचा एक फटका मारून जातो. माणसाला जाग येते, पण अंगावर कुठे दात उमटलेले नसतात. त्याच्या घशात एक फोड येतो. तो फोड सूर्य उगवायच्या आत फोडला तर माणूस वाचतो, एकदा ऊन पडलं की संपलं. कांद्याच्या वासाने पीवणा जवळ येत नाही असंही मानतात, म्हणून उशाशी कांदा ठेवून झोपायची रीत आहे. गावागावांत तपशील थोडे बदलतात. सीमेपलीकडे सिंधमध्येही अशीच कथा ऐकायला मिळते.

ही गोष्ट ऐकल्यावर शहरातल्या माणसाची पहिली प्रतिक्रिया 'अंधश्रद्धा' अशी असते. माझीही होती. पण मग मी मण्यारीच्या दंशाबद्दल वाचायला लागले आणि मला ती प्रतिक्रिया मागे घ्यावी लागली. निदान अर्धी तरी.

कारण पीवणा हा काही काल्पनिक प्राणी नाही. सर्पतज्ज्ञांच्या मते ही मण्यारच आहे. थारमध्ये मण्यारीच्या दोन जाती सापडतात. एक आपल्याकडे महाराष्ट्रभर आढळते ती साधी मण्यार, आणि दुसरी सिंध मण्यार. हिचं शास्त्रीय नाव बंगारस सिंडॅनस, म्हणजे सिंधची. जॉर्ज बूलेंजर या प्राणिशास्त्रज्ञाने १८९७ मध्ये तिचं पहिलं वर्णन प्रसिद्ध केलं, आणि ते छापलं गेलं आपल्या मुंबईतल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. दोघी दिसायला सख्ख्या बहिणी : चकचकीत काळं अंग, त्यावर पांढरे बारीक आडवे पट्टे. पाठीच्या मध्यावरून जाणारी खवल्यांची रांग मोठ्या, षट्कोनी खवल्यांची. फरक सांगायचा तर अंगाच्या मध्यावर खवल्यांच्या ओळी मोजाव्या लागतात, साध्या मण्यारीला १५ आणि सिंध मण्यारीला १७. (कृपया कोणी मोजायला जाऊ नका. आणि बिनविषारी कवड्या साप मण्यारीसारखाच दिसतो हेही मुलांना सांगा, पण 'ओळखून मग ठरवू' हा खेळ घरी-शाळेत नको. पट्टे दिसले की लांब व्हायचं.)

मण्यार दिवसा बिळात, दगडविटांच्या ढिगात सुस्त पडून असते. रात्री बाहेर पडते, उंदीर, पाली आणि दुसरे साप खाते. भक्ष्य शोधत घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणाशी येते. माणसाने कूस बदलली, हात पडला, की चावते. बाकी विषारी सापांच्या दंशाने माणूस किंचाळत उठतो. घोणस किंवा फुरसं चावलं तर आग होते, सूज चढते, रक्त येतं. मण्यारीचे दात आखूड आणि बारीक. दुखणं जवळजवळ नाहीच, सूज नाही, जखम दिसेल न दिसेल. पुष्कळदा माणूस जागाही होत नाही, झाला तर डास चावला असेल म्हणून पुन्हा झोपतो.

मग काही तासांनी विष काम करायला लागतं. ते कसं, हे मुलांना सांगायची माझी पद्धत अशी. मेंदूचा हुकूम मज्जातंतूतून स्नायूपर्यंत येतो, पण तंतू आणि स्नायू यांच्यामध्ये एक बारीकशी फट असते. तंतूच्या टोकातून एक रसायन त्या फटीत सुटतं, पलीकडच्या स्नायूला भिडतं आणि स्नायू आखडतो. जणू नदीच्या या काठावरून त्या काठावर होडी निरोप नेते. मण्यारीच्या विषातला एक घटक पलीकडचा धक्काच अडवून ठेवतो, होडी लागू देत नाही. दुसरा घटक त्याहून वाईट, तो अलीकडच्या काठावरच्या होड्या आणि होड्यांचं कोठारच मोडून टाकतो. निरोप पोचत नाही, स्नायू ढिले पडतात. सर्वात आधी पापण्या. मग डोळ्यांची बुबुळं, जबडा, जीभ, घसा, मान. आणि शेवटी छातीचे स्नायू व श्वासपटल.

आता पुन्हा पीवण्याची गोष्ट आठवा आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहा.

दातांची खूण नसते म्हणतात. बरोबर, बहुतेक वेळा सापडत नाही. घशात फोड येतो म्हणतात. फोड येत नाही, पण रुग्णाला गिळता येत नाही, लाळ घशाशी साठते, आवाज नाकातून यायला लागतो, बोलता बोलता बोलणंच बंद होतं. ज्याने आपल्या माणसाला असं गुदमरताना पाहिलं त्याला घशात काहीतरी अडकलंय असंच वाटणार ना? छातीवर बसला म्हणतात. छातीवर कोणी बसल्यासारखा श्वास जड होतो, हे तर अगदी खरं. सूर्य उगवला की माणूस जातो म्हणतात. दंश मध्यरात्रीनंतर केव्हातरी होतो, विष चढायला काही तास लागतात, आणि घरच्यांना कळतं ते पहाटे माणूस उठला नाही तेव्हा. सूर्याचा यात काही दोष नाही, पण वेळेचा हिशेब चुकलेला नाही. आणि मुख्य म्हणजे तो श्वास. या सापामुळे माणूस रक्त जाऊन मरत नाही, अंग सडून मरत नाही. त्याचा श्वास थांबतो. कोणीतरी पिऊन टाकल्यासारखा.

ज्यांच्याकडे दवाखाना नव्हता, सूक्ष्मदर्शक नव्हता, त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या इतकं बारकाईने पाहिलं आणि ते एका शब्दात बांधून ठेवलं. मला तर नवल वाटतं. फक्त एक गोष्ट त्यांनी पाहिली नव्हती, कारण ती अंधारात आणि झोपेत घडते : चावणं. ती जागा कल्पनेने भरावी लागली आणि तिथे 'पिणं' हे क्रियापद येऊन बसलं.

आणि घात तिथेच झाला. माझ्या विद्यार्थ्याच्या काकाचं तेच झालं. शेतातल्या ढाणीवर तो वाळूत अंथरूण टाकून झोपला होता. पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठला. (मण्यारीच्या दंशात पोटदुखी हे सुरुवातीचं लक्षण पुष्कळदा दिसतं, त्यावर अपचनाची गोळी देऊन झोपवलेले रुग्णही असतात.) मग डोळे उघडेनात. घरच्यांनी अंग तपासलं, कुठे काही नाही. साप चावला असता तर खूण असती, खूण नाही म्हणजे साप चावला नाही, मग पीवणाच. आणि पीवण्यावरचा इलाज वेगळा. घशात बोट घालून फोड फोडायचा प्रयत्न झाला. भोप्याला बोलावलं, तेजाजींच्या नावाची तांती बांधली. या सगळ्यात उजाडलं. गाडी मिळाली तेव्हा उशीर झाला होता.

वडील हे सगळं शांतपणे सांगत होते. शेवटी म्हणाले, "मॅडम, हम लोग दवाखाने जाते थे, साँप काटता तो. उस दिन साँप काटा ही नहीं था."

या वाक्यावर मी बराच विचार केला. गावातले लोक दवाखान्याच्या विरोधात नव्हते. बांडी चावली, म्हणजे आपलं फुरसं, तर ते लगेच गाडी काढत होते. पण 'पीवणा' या शब्दाने ही घटना 'साप चावणे' या कप्प्यातून काढून दुसऱ्याच कप्प्यात ठेवली होती, आणि त्या कप्प्याला दवाखान्याचं दार नव्हतं.

सिंध मण्यारीच्या बाबतीत वेळेला किती किंमत आहे बघा. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हिचं विष नागाच्या विषापेक्षा ४० पटींहून अधिक तीव्र आढळलं. भारतात मिळणारी सर्पविषाची लस नाग, साधी मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषापासून बनवतात. त्यात सिंध मण्यार नाही, आणि या अभ्यासात तिच्या विषावर ही लस फारशी चालली नाही. त्यात लस फक्त रक्तात मोकळं फिरणारं विष पकडते. एकदा तंतूची टोकं मोडली की ती लसीने जुळत नाहीत, शरीर ती हळूहळू पुन्हा उभारतं. तोवर रुग्णाला कृत्रिम श्वासावर ठेवावं लागतं, कधी कधी कित्येक दिवस. पण ठेवलं तर तो बरा होऊन चालत घरी जातो! आणखी एक गोष्ट सांगताना मला नेहमी काटा येतो. असा रुग्ण पुष्कळदा शुद्धीवर असतो. पापण्या उघडत नाहीत, हात हलत नाही, बघणाऱ्याला वाटतं गेला, पण त्याला शेजारचं बोलणं ऐकू येत असतं.

'हे राजस्थानातलं झालं, आपल्याकडे असं नाही' असं कोणी म्हणायच्या आत आपल्या घरात डोकावू. लहानपणी आमच्या गावी रात्री 'साप' म्हणायची बंदी होती. 'जनावर' म्हणायचं, नाहीतर 'लांबडं'. आणि साप चावला तर 'चावला' म्हणत नसत, 'पान लागलं' म्हणत. आजही खेड्यांतली जुनी माणसं तसंच म्हणतात. शब्द किती मऊ आहे. जणू झाडाचं पान अंगाला घासून गेलं. भीतीवर घातलेलं पांघरूण आहे ते, त्यामागची भावना मला कळते. पण शहरातून नव्याने खेड्यात आलेल्या डॉक्टरसमोर पहाटे चार वाजता कोणी म्हणालं की 'पोराला पान लागलंय', तर तो बिचारा तंबाखूच्या पानाचा विचार करील! राजस्थानीने 'चावणे' जाऊन 'पिणे' आणलं, आपण 'चावणे' जाऊन 'लागणे' आणलं. चावण्याचं नाव दोघांनाही नको.

आपल्याकडेही मण्यार जमिनीवर झोपणाऱ्यालाच जास्त गाठते. महाडच्या डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ग्रामीण भागात राहून मण्यार आणि नाग यांच्या दंशाच्या रुग्णांवर काम केलं, त्यावर वैद्यकीय नियतकालिकांत लिहिलं. विंचूदंशावरचं त्यांचं काम सगळ्यांना माहीत आहे, हे काम तितकंसं माहीत नाही. देशाचा आकडा सांगायचा तर २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा एका मोठ्या पाहणीचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातले निम्म्याहून अधिक मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, आणि पाव भागाहून अधिक १५ वर्षांखालच्या मुलांचे. आपल्या वर्गातल्या वयाची मुलं.

शब्दांकडे परत येते, कारण मुलांना इथे खूप मजा येते. सापाला नाव देताना माणसाने काय काय पाहिलं? संस्कृतात सापाला 'उरग' म्हणतात, छातीने चालणारा. 'जिह्मग' म्हणजे वाकडा चालणारा. 'चक्षुःश्रवा' म्हणजे डोळ्यांनी ऐकणारा, कारण सापाला बाहेरचे कान दिसत नाहीत. आणि 'पवनाशन', वारा खाणारा! हे सगळे शब्द अमरकोशात आहेत. साप महिनोन्‌महिने काही न खाता राहू शकतो. पाहणाऱ्याला वाटलं, हा वाऱ्यावरच जगत असणार. वारा खाणाऱ्या सापापासून श्वास पिणारा साप किती दूर आहे? कल्पनेची ही वाट जुनीच आहे असं मला वाटतं, पीवणा त्याच वाटेवरचा.

अमेरिकेच्या वाळवंटात एक साप वाळूवरून कडेकडेने, अंग उचलत तिरपा पळतो. त्याला इंग्रजीत साइडवाइंडर म्हणतात, आपल्या 'जिह्मग'चाच चुलतभाऊ म्हणा. पुढे अमेरिकन नौदलाने १९५० च्या दशकात उष्णतेचा माग काढणारं क्षेपणास्त्र बनवलं आणि त्याला हेच नाव दिलं, कारण तो सापही भक्ष्याच्या अंगाची उष्णता ओळखतो. आपलं फुरसंसुद्धा वाळूवर तसंच तिरपं पळतं. पण आपल्या लोकांनी नाव देताना चाल नाही, आवाज ऐकला. ते अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून जो आवाज काढतं तो 'फुरसं' म्हणताना ओठांवर येतो.

आणि मण्यारीच्या शास्त्रीय नावातलं 'बंगारस' कुठून आलं? लॅटिन नाही, ग्रीक नाही, तेलुगू! बंगारम म्हणजे सोनं, पामु म्हणजे साप. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या पट्टेरी मण्यारीला तेलुगू लोक सोनेरी साप म्हणत. पॅट्रिक रसेल या डॉक्टरने अठराव्या शतकाच्या शेवटी कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांची नोंद करताना ते नाव उतरवून घेतलं आणि तिथून ते शास्त्रात गेलं. पुढे १९६३ मध्ये तैवानमध्ये चँग आणि ली या संशोधकांनी तिथल्या मण्यारीच्या विषातून घटक वेगळे केले, त्यांचं नाव पडलं बंगारोटॉक्सिन. वर मी ज्या दोन घटकांची होडीची गोष्ट सांगितली ते हेच. स्नायूवरचा तो 'धक्का' नेमका कसा आहे, हे शास्त्रज्ञांना या विषाच्या मदतीनेच शोधता आलं. म्हणजे जगभरच्या प्रयोगशाळांत आज जे नाव घेतात त्याच्या पोटात एक तेलुगू दागिना आहे. तेलुगू माणसाने रंग पाहिला, मारवाडी माणसाने मरण पाहिलं.

वर्गात मी पुढे काय केलं ते सांगते, कोणाला वापरायचं असेल तर वापरा. फळ्यावर दोन रकाने आखले : 'काय दिसलं' आणि 'काय समजलं'. पीवण्याच्या गोष्टीतलं एकेक वाक्य मुलांनी योग्य रकान्यात टाकायचं. 'घसा बंद झाला' हे दिसलं. 'फोड आला' हे समजलं. 'खूण नव्हती' दिसलं. 'चावला नाही' समजलं. इथे वर्गात जोरदार भांडण झालं, कारण अर्ध्या मुलांना दोन्ही वाक्यं एकच वाटत होती. मी मध्ये पडले नाही. शेवटी एका मुलीने सांगितलं, "बाई, मला इंजेक्शन दिलेलं पण संध्याकाळी कुठे दिलं ते दिसत नव्हतं. म्हणून काय दिलंच नव्हतं?" माझं काम तिने केलं. मग 'पान लागलं' हा शब्द त्याच रकान्यांत बसवायला दिला, आणि घरी आजी-आजोबांना विचारून असे आणखी शब्द आणायला सांगितले.

त्याबरोबर कामाच्या गोष्टीही सांगितल्या. पावसाळ्यात जमिनीवर झोपायचं नाही, खाट किंवा कॉट वापरायची. मच्छरदाणी लावून ती अंथरुणाखाली नीट खोचायची. नेपाळच्या तराईत झालेल्या एका अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी झालेले दिसले. रात्री उठताना टॉर्च. आणि सकाळी उठल्यावर कोणाच्या पापण्या जड झाल्या, गिळता येईना, बोलणं अडखळलं, विनाकारण पोटात कळ आली, तर खूण शोधत बसायचं नाही. १०८ ला फोन करायचा आणि डॉक्टरला स्पष्ट सांगायचं की माणूस रात्री जमिनीवर झोपला होता, साप चावला असू शकतो. कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट दोरी बांधायची नाही, घशात बोट घालायचं नाही.

एक गोष्ट मी मुद्दाम टाळली. 'तुमच्या गावचे लोक चुकले' असं मी त्या मुलापुढे म्हटलं नाही. काकाला ज्यांनी उचललं, रात्रभर धरून बसले, त्यांच्यात त्याची आजी होती. त्यांनी पाहिलेलं सगळं खरं होतं, एवढंच त्याला सांगितलं, आणि त्या एका क्रियापदाबद्दल सांगितलं. त्याने विचारलं, "मग बाई, नाव बदलायचं का?" वर्गाने लगेच 'चावणा' असं सुचवलं. तो हसला. म्हणाला, गावात कोणी ऐकणार नाही, पीवणाच म्हणतील.

दिवाळीच्या सुट्टीत तो गावी जाऊन आला. आल्या आल्या वहीच्या मागच्या पानावर काढलेलं चित्र दाखवलं : वाळू, झोपडी, खाट आणि खाटेवर मच्छरदाणी. आजीला त्याने दोन रकान्यांचा सगळा प्रकार सांगितला म्हणे. खाट ती आता वापरते, मच्छरदाणी वडिलांनी इथूनच नेली होती. "आणि हे काय?" मी खाटेच्या पायाशी काढलेल्या गोल आकारावर बोट ठेवलं.

"कांदा," तो म्हणाला. "आजी म्हणाली, तोपण राहू दे."